जुन्या टी-शर्टची गोधडी : कात्री लावण्यापूर्वी आणि नंतर

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील सदर बाजार हा सराफी पेढ्यांसाठी ओळखला जातो. जुना दागिना मोडून नवा घडवून घ्यायचा, तर जुन्या शहरातील कुटुंबांची पावले या बाजाराकडे वळतात. मोडलेल्या दागिन्याचे सोने सोनेच राहते. नवी घडण पसंत पडली नाही, तर ते पुन्हा वितळवता येते. कापडाची गोष्ट वेगळी आहे. त्याला एकदा कात्री लागली की सदरा पुन्हा सदरा होत नाही. जुन्या टी-शर्टची गोधडी शिवण्याचा विचार प्रथमच करणाऱ्यांनी सर्वांत आधी ध्यानात घ्यावा तो हाच फरक.

शाळेच्या क्रीडादिनाचा, महाविद्यालयीन संमेलनाचा, गणेशोत्सव मंडळाचा, धावण्याच्या शर्यतीचा, पहिल्या नोकरीतील कंपनीचा असे टी-शर्ट घरोघरी साठत जातात. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातात आणि त्यांचे कपडे मात्र कपाटातच राहतात. ते कोणी घालत नाही आणि टाकून देणेही जिवावर येते. अशा टी-शर्टवरील छापील भाग कापून, ते एकमेकांना जोडून, खाली अस्तर लावून शिवलेले पांघरूण म्हणजे आठवणींची गोधडी. अमेरिकेत आणि युरोपात हा छंद चांगलाच रुजला आहे. मराठी घराला मात्र त्यामागची कल्पना मुळीच नवी नाही. नवे आहे ते केवळ कापड, आणि नवशिक्यांची फसगत होते ती त्या कापडामुळेच.

कथरी, गोधडी आणि वाकळ

वापरलेल्या कपड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवण्याची रीत भारतात सर्वदूर आढळते. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, कर्नाटकात कौदी आणि महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ ही तिचीच रूपे होत. छत्तीसगडी बोलीत अशा पांघरुणाला कथरी म्हणतात. कथरी आणि कांथा हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘कन्था’ या शब्दाशी नाते सांगतात. मराठीतही ‘कंथा’ हा शब्द जुन्या साहित्यात बैराग्याच्या ठिगळांच्या वस्त्रासाठी येतो. चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर वागवीत गावोगाव स्वच्छतेचा प्रसार करणारे संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) लोकांमध्ये गोधडेबुवा या नावानेही ओळखले जात.

रायपूरच्या मराठी घरांत गोधडी आणि कथरी या दोन्ही शब्दांची ओळख असणे स्वाभाविक आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर प्रस्थापित झाली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून या प्रदेशाचा कारभार पाहिला. पुढे इंग्रजी अमलात आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होते. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आल्यावर ते राजधानीचे शहर झाले. या दीर्घ सहवासातून अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे नातवंडासाठी शिवण्याचा प्रघात त्यांनी सोबत आणला. बाळाला नव्या कापडाची टोचणी लागू नये, हा त्यामागील व्यवहार. आजीची ऊब बाळाला मिळावी, ही त्यामागील भावना. आठवणींच्या गोधडीचे मर्म यापेक्षा निराळे नाही.

गेलेल्या माणसाचे कपडे

गोधडीचा संबंध स्मरणाशी किती निकटचा आहे, याची दोन उदाहरणे अमेरिकेतील आहेत. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तेथील मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये पतीच्या निधनानंतर त्यांच्या शेतावरील कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. पतीची आठवण राहावी आणि त्यांच्या मायेचे पांघरूण अंगावर असावे, हा आईचा हेतू होता, असे त्यांच्या कन्येने पुढे सांगितले. विटलेली निळी कापडे आणि गुडघ्यावर झिजलेल्या विजारी त्या गोधडीत तशाच दिसतात. या वस्तीतील गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथे भरले, तेव्हा कलासमीक्षकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

दुसरे उदाहरण एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मृतिगोधडीचे. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टन येथे ती प्रथम अंथरण्यात आली, त्या वेळी तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे साधारणपणे एका कबरीएवढा. आप्तांनी आणि मित्रांनी मृतांचे सदरे, टी-शर्ट, विजारी, खेळणी त्यावर शिवली होती. त्या काळी या आजाराने मृत्यू आला तर अनेकदा उघडपणे शोक करणेही अवघड होते. नाव शिवून ते सर्वांसमोर अंथरणे हीच शोक करण्याची रीत ठरली. आज या गोधडीतील तुकड्यांची संख्या सुमारे ५० हजारांवर गेली आहे.

या दोन्ही उदाहरणांतील कापड बाजारभावाने कवडीमोल होते. ते कोणाच्या अंगावर होते, यावरच त्याचे मोल ठरले. म्हणूनच असे कापड कापण्याचा निर्णय शिवणकामाच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कात्री लावण्यापूर्वी

पहिले काम निवडीचे. सर्व टी-शर्ट एकत्र काढून प्रत्येकाचे पुढून व मागून छायाचित्र घ्यावे. गोधडीत केवळ छापील चौकोन राहतो. गळा, बाही, खिसा, शाईचा डाग हे सारे निघून जाते. छायाचित्रामुळे मूळ वस्त्र कसे होते, याची नोंद तरी राहते.

दुसरे काम विचारण्याचे. टी-शर्ट ज्याचा आहे, त्याची संमती घ्यावी. परगावी राहणाऱ्या मुलाला चकित करण्यासाठी आईने गोधडी शिवावी आणि त्याला नेमका तोच टी-शर्ट अखंड हवा असावा, असे घडू शकते. दिवंगत व्यक्तीचे कपडे असतील, तर त्यावर एकट्याचाच हक्क नसतो. पत्नी, भावंडे, मुले या सर्वांना विचारावे आणि निदान एक वस्त्र न कापता, न धुता तसेच ठेवावे. धुतल्यावर कापडाचा वास जातो. तो परत आणता येत नाही. दुःख ताजे असताना हे काम हाती घेण्याची घाई करू नये. कपाटातील टी-शर्ट आणखी वर्षभर थांबू शकतो.

शाळेच्या अखेरच्या दिवशी मित्रांनी सह्या केलेले कपडे हा आणखी नाजूक प्रकार आहे. काही शाई पाण्याने फुटते. अशा कपड्याच्या आतील कोपऱ्यावरील एखादी रेघ ओल्या पांढऱ्या फडक्याने हलकेच टिपून पाहावी. फडक्यावर रंग उतरला, तर तो कपडा गोधडीत न घालता चौकटीत जडवून ठेवणे श्रेयस्कर.

टी-शर्टचे कापड वेगळे का

साडी, धोतर, चादर ही मागावर विणलेली वस्त्रे आहेत. त्यांत उभे व आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे कापड सरळ रेषेत सहसा ताणले जात नाही. टी-शर्टचे कापड होजिअरीचे असते. लोकरीच्या स्वेटरप्रमाणे एका धाग्याचे फास दुसऱ्या फासात अडकवून ते यंत्रावर विणले जाते. हे फास सैल होतात आणि पुन्हा आवळतात. टी-शर्ट अंगाबरोबर ताणला जातो तो याच गुणामुळे. शिवताना मात्र हाच गुण दोष ठरतो. कापलेली कड वळून गुंडाळली जाते, चौकोन ओढला जाऊन तिरपा होतो आणि दोन तुकडे जोडताना एक लांब तर दुसरा आखूड भरतो. पारंपरिक गोधडी सहज शिवणाऱ्या हातांनाही टी-शर्टची गोधडी प्रथम अवघड वाटते, त्याचे कारण हे आहे.

यावरील उपाय सोपा आहे. सदऱ्याच्या कॉलरला ताठपणा आणण्यासाठी शिंपी इस्त्रीने चिकटणारे अस्तर लावतात. त्याला बाजारात ‘फ्युजिंग’ किंवा ‘पेस्टिंग’ म्हणतात. त्यातील सर्वांत पातळ प्रकार टी-शर्टच्या मागील बाजूस चिकटवला की ताण थांबतो आणि होजिअरीचे कापड मागावरच्या कापडासारखे वागू लागते. जाड बकरम वापरू नये. त्यामुळे गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होते.

साहित्य आणि मापे

नवशिक्यांनी बारा टी-शर्टची, म्हणजे तीन तुकड्यांच्या चार ओळींची गोधडी निवडावी. प्रत्येक तुकडा १५ इंचाचा कापावा. चारही बाजूंना अर्धा इंच शिलाईत जाऊन तो १४ इंचाचा उरतो. याप्रमाणे मधला भाग ४२ बाय ५६ इंच होतो. सभोवती साडेचार इंचांची साधी पट्टी जोडली, की एका व्यक्तीला पुरेसे, सुमारे ५१ बाय ६५ इंचांचे पांघरूण तयार होते. लहान मुलांच्या टी-शर्टमधून १५ इंचांचा तुकडा निघत नाही. अशा वेळी छापील भागाच्या चारही बाजूंना साध्या सुती कापडाच्या पट्ट्या जोडून माप पुरे करावे.

फ्युजिंग प्रत्येक तुकड्यासाठी १७ इंचांचे घ्यावे. त्याची रुंदी ३६ इंच असल्यास बारा तुकड्यांसाठी पावणेतीन मीटर पुरते. मागील बाजूसाठी जुनी सुती सहावारी साडी उत्तम. ४५ इंच रुंदीच्या साडीचे ५६ इंचांचे दोन तुकडे बाजूबाजूने जोडले, की ५६ बाय ७० इंचांचे अस्तर निघते. त्याला तीन मीटरहून कमी साडी लागते. उरलेल्या अडीच मीटरमध्ये सभोवतीच्या पट्ट्या आणि कडेचा गोट दोन्ही भागतात. नायलॉनची वा रेशमी साडी घेऊ नये. ती सरकते आणि अस्तराला सुरकुत्या पडतात.

मधल्या थरासाठी जुनी सुती चादर किंवा धोतर पुरेसे आहे. रायपूर वा नागपूर येथील हिवाळ्यात तेवढी ऊब चालते. थंड प्रदेशात पाठवायची असेल, तर पॉलिएस्टर तंतूंचा तयार थर घालावा. सुटा कापूस नवशिक्यांनी टाळावा. टाके विरळ असल्यास तो पहिल्याच धुण्यात गोळा होतो.

या साहित्यासाठी दूर जावे लागत नाही. सुई, दोरा, फ्युजिंग या वस्तू शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतात. सदर बाजाराच्या परिसरातील गोल बाजारासारख्या जुन्या बाजारपेठेत अथवा पंडरीच्या कापड बाजारात उरलेले सुती कापड पाहता येते. खरा कच्चा माल मात्र घरच्या कपाटातच असतो.

शिवण्याचा क्रम

टी-शर्ट प्रथम धुऊन वाळवावेत. धुताना कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण त्याचा थर राहिल्यास फ्युजिंग नीट चिकटत नाही. त्यानंतर दोन्ही बगला व खांद्यांवरील शिवणी कापून पुढची आणि मागची बाजू वेगळी करावी. या टप्प्यावर तुकडा अंतिम मापाचा कापू नये. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. आधी माप, मग फ्युजिंग असा क्रम ठेवल्यास इस्त्रीच्या ओढीने चौकोन वाकडा होतो. आधी फ्युजिंग, मग माप हाच योग्य क्रम.

टी-शर्ट उलटा पसरून, न ताणता, हाताने सपाट करावा. फ्युजिंगची चकाकणारी खरखरीत बाजू खाली ठेवावी. वर सुती फडके घालून इस्त्री दाबावी, उचलावी आणि पुढे ठेवावी. घासू नये. घासल्यास खालचे कापड ओढले जाते. छापील बाजूवर गरम इस्त्री थेट कधीही फिरवू नये. रबरासारखी छपाई वितळून इस्त्रीला चिकटते आणि जे चित्र जपायचे, तेच नष्ट होते.

पूर्ण थंड झाल्यावर १५ इंचांचा पुठ्ठ्याचा साचा चित्र मधोमध येईल असा ठेवून चारही बाजू आखाव्यात आणि कापाव्यात. सर्व तुकडे फरशीवर मांडून त्यांचा क्रम ठरवावा. काही जण वर्षांच्या क्रमाने मांडतात, काही जण रंगांच्या. दोन गडद तुकडे शेजारी येऊ नयेत एवढे पाहिले, तरी पुरे. मांडणीचे छायाचित्र घेऊन ठेवावे, म्हणजे शिवताना घोटाळा होत नाही.

यंत्रावर शिवताना होजिअरीसाठी मिळणारी बोथट टोकाची, १४ क्रमांकाची सुई लावावी. साधी टोकदार सुई धागा तोडते आणि तेथे पुढे फास उसवत जातात. टाका किंचित लांब, सुमारे तीन मिलिमीटरचा ठेवावा. आधी तीन तुकड्यांची एक ओळ, अशा चार ओळी शिवाव्यात. शिवण उघडी करून उलट बाजूने इस्त्री करावी. मग ओळी एकमेकींना जोडाव्यात आणि शेवटी सभोवतीच्या पट्ट्या लावाव्यात.

यानंतर गोधडीचे नेहमीचे काम सुरू होते. खाली अस्तर, त्यावर मधला थर आणि सर्वांत वर टी-शर्टचा पृष्ठभाग, असे तीन थर फरशीवर ताणून अंथरावेत. अस्तर चारही बाजूंनी अडीच इंच मोठे असावे. मधोमधून कडेकडे जात हातभर अंतरावर कच्चे टाके घालावेत किंवा सेफ्टी पिना लावाव्यात. पुष्कळ गोधड्यांत पक्का धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे जातो. कर्नाटकातील सिद्दी महिलाही आपल्या कौदी याच पद्धतीने शिवतात आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात. टी-शर्टच्या गोधडीत मात्र मध्यापासून बाहेर जाणे सोयीचे, कारण उरलासुरला ताण कडेला निघून जातो. टाक्यांच्या ओळींत चार बोटांचे अंतर पुरेसे आहे. जाड छपाईतून सुई जात नसेल, तर जबरदस्ती न करता चित्राच्या कडेने टाके फिरवावेत. रबरी छपाईला पडलेले सुईचे छिद्र बुजत नाही.

शेवटी जादा अस्तर कापून कडेला अडीच इंचांच्या पट्टीचा दुमडलेला गोट लावावा आणि कच्चे टाके काढून टाकावेत. हे एका बैठकीत उरकण्याचे काम नव्हे. रोज एक ओळ झाली, तरी काम पुढे सरकते. शिवणयंत्र नसल्यास सर्व काम हातानेही करता येते. फ्युजिंग लावल्यावर टी-शर्टचे कापड हातशिलाईला उत्तम साथ देते.

नाव, वर्ष आणि निगा

गोधडी पूर्ण झाल्यावर एक काम हमखास राहून जाते. ते म्हणजे नोंद. साडीच्या उरलेल्या तुकड्यावर कोणाचे टी-शर्ट आहेत, कोणी शिवले, कोणत्या वर्षी आणि कोणत्या गावी, एवढे चार शब्द दोऱ्याने भरावेत आणि तो तुकडा मागील कोपऱ्यावर शिवावा. घरातील जुन्या गोधड्या कोणी शिवल्या, हे आज बहुतेकांना सांगता येत नाही, कारण त्या शिवणाऱ्या स्त्रियांनी आपले नाव कोठेच घातले नाही. मागील साडी कोणाची होती, तेही लिहावे. पुढे मुलाचे टी-शर्ट आणि मागे आईची साडी अशी गोधडी दोन पिढ्यांची असते.

धुण्यासाठी थंड पाणी आणि सौम्य साबण वापरावा. पिळू नये. पाणी निथळू देऊन सावलीत आडवी वाळवावी, कारण दोरीवर टांगल्यास ओल्या वजनाने शिवणी ताणल्या जातात. कडक उन्हात छपाईला भेगा पडतात. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी सुती कापडात गुंडाळावी आणि दर काही महिन्यांनी घडी बदलावी.

मात्र गोधडी कपाटात ठेवण्यासाठी शिवायची नसते. कपाटातच राहायचे असते, तर टी-शर्ट अखंडच बरे होते. वापराने ती झिजेल, एखादे चित्र पुसट होईल, एखादी शिवण उसवेल. त्यावर ठिगळ लावता येते. जुन्या वाकळींवर थरावर थर चढत गेले, ते असेच.